उन्हाळ्यातली थंडी

आई, तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. कोर्टातलं दुभाष्याचं काम अंगवळणी पडलंय.

इथे या देशात पूर्वी नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती गुन्हा नव्हती, आता आहे. परवा आपली भाषा बोलणारी एक म्हातारी नवऱ्याविरुद्ध उभी राहिली. म्हणाली, "थंडी वाजते सांगून मी मुलांच्या मध्ये झोपायचे. तरी तो ओढून न्यायचा." ते कोर्टाला इथल्या भाषेत सांगताना माझीच जीभ अडखळली.

न्यायाधीश म्हणाले, हे सगळं कायदा बदलण्याआधीचं, म्हणून गुन्हा नाही. म्हातारीला तेही मीच सांगितलं. ती माझ्याकडेच बघत राहिली, जणू कायदा मीच केला.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचं पथ्यपाणी अजून तूच बघतेस?

माझ्या आणि दादाच्या मध्ये येऊन झोपायचीस, तेव्हा तुला भर उन्हाळ्यातही थंडी वाजायची ना गं?

तुझी,
धाकटी