सरळ दिसलेली एकच रिंग

१२ मे, सोम.
पंपांची गळती रोखणाऱ्या सीलच्या बारा कार्बन रिंगांपैकी अकरा परत केल्या. घासून सपाट करायचं काम, लॅपिंग, श्रावणभाऊंचं, ते चिडणारच. "काहून वं ताई, आज घरून भांडून आली का?" म्हटलं, भांडून आले असते तर बारावीपण परत केली असती.
पण मनात खुटखुट आहे. सतरा वर्षांत ह्या माणसाच्या हातच्या अकरा रिंगा एकदम कधी फेल गेल्या नाहीत. पिवळ्या दिव्याखाली रिंगेवर तपासायची काच ठेवली की काळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ, तर रिंग सपाट. आज सगळ्यांचे पट्टे मध्येच लचकलेले. एकीचे मात्र पट्टीने ओढल्यासारखे. तिला ओके, सही. दुपारच्या गाडीने गेलीसुद्धा.

१३ मे
आज हद्द झाली. मास्टर रिंग काढली. कापसात ठेवलेली, जिच्यावरून काच आणि दिवा ठीक आहे का ते बघतो ती. तिचेही पट्टे वाकडे! मालक म्हणाले, "उन्हानं काच तापली असन सुनंदाबाई, एसी वाढवा." वाढवला. बोटं गारठली, पट्टे तसेच.

१४ मे
सकाळी ह्यांच्या शर्टाचं बटण लावत होते. सुई ओवताना सवयीने डावा डोळा मिटला. समोर खिडकीचा गज, मधोमध वाकलेला. उजवा मिटून डाव्याने पाहिलं तर सरळ. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हे म्हणाले, "कोणाले डोळा मारून राहिली वं?" हसू आलं नाही.
कामावर अकराही रिंगा डाव्या डोळ्याने बघितल्या. सगळ्या सरळ. मास्टरही. म्हणजे माल चोख, माझा उजवा डोळा वाकडा. पट्टे बघताना डावा मिटायची सवय काम शिकवणाऱ्या उस्तादांनी लावली, ती अंगवळणी पडली.
मग ह्या वाकड्या डोळ्याला जी एकच सरळ दिसली, ती
नको. पुढे लिहवत नाही.

१५ मे
अर्धी सुटी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटी आखलेला कागद हातात दिला. उजव्या डोळ्याने बघितलं तर मधल्या चौकटी खचलेल्या. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपलंय म्हणे. बहुतेक वेळा आपोआप सुकतं, दोनतीन महिने जातात. "मुख्य म्हणजे टेन्शन घ्यायचं नाही." वा. लोकांची गळती थांबवून पोट भरते आणि गळती निघाली माझ्याच डोळ्यात.
विचारलं, कधीपासून असेल? "ते तुम्हीच आठवून सांगा."

१६ मे
चलन काढून बघितलं. ती रिंग उमरेड रोडच्या केमिकल कारखान्यात गेली. सॉल्व्हंटचा पंप. सिंगल सील.
डबल असतं तर झोप लागली असती. पाठोपाठ दोन सील, मध्ये दाबाखाली स्वच्छ तेल. एक फसलं तर दुसरं उभं असतं. सिंगलमध्ये एकच जोडी. एक रिंग शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर बसते, स्प्रिंग दोघींना चिकटवून ठेवते. मध्ये द्रवाचा नुसता पापुद्रा. दोन्ही सपाट असल्या तरच तो पापुद्रा आत राहतो. नाहीतर सॉल्व्हंट बाहेर, आणि त्याला एक ठिणगी पुरे. जुने दोरीच्या पॅकिंगवाले पंप परवडले, टपटप करत असतात, वाढलं की दिसतं तरी.
मालकांना सांगायला तोंड उघडलं आणि चहा घेता का विचारलं. पट्टे वाचणारी इथे मी एकटी. डोळा गेला की खुर्ची गेली.

१७ मे
त्या कारखान्याचे फिटर वासनिक, त्यांना फोन केला. रिंग बुधवारीच बसवली. "मस्त चालून राहिली ताई. थेंबबी नाही." म्हटलं, खाली कागद ठेवून बघा. "तुम्ही काहून एवढ्या घाबरून राहिल्या?" कारण सांगितलं नाही. लाज वाटली. फोन ठेवल्यावर जास्तच लाज वाटली. पंपाशेजारी उभे ते असतात, मी नाही.
रात्री ह्यांना सगळं सांगितलं. "गप राह्य ना. कोणाले समजते?" मग हे ताट तसंच ठेवून बसले. हे गांधीबागेत कापडाच्या दुकानात आहेत. थानात एक डाग दिसला तर गिऱ्हाइकाला आधी दाखवतात. हात धुऊन आले आणि म्हणाले, "सांगून टाक."

१९ मे, सोम.
सांगितलं. मालक बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मला वाटलं, संपलं. मग माझ्यासमोर तिकडे फोन लावला, शब्द न चोरता सगळं बोलले. तिकडून उत्तर: दुसरा पंप खोलून ठेवलाय, बुधवारपर्यंत हाच चालवावा लागेल.
वासनिकांना आता खरं कारण सांगितलं. म्हणाले, "दर तासाले बघतो ताई. वेल्डिंगचं काम तिकडं बंद करवतो." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० मे
वासनिकांचे फोटो येतात. पंपाखाली कोरा कागद. कोरा. कोरा. दोनदा रिंगा मोजल्या, दोनदा वेगळा आकडा.

२१ मे
दुपारी तीनला पंप बंद, नवं सील बसलं. वासनिकांचा मेसेज: "सुटलो." मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

२२ मे
ती रिंग परत आली. शेवटपर्यंत कोरडी होती. डाव्या डोळ्याने बघितली. पट्टे वाकडे आहेत. पण आठवडाभर घासलेली, तापलेली रिंग, ती तिथे वाकली की इथूनच वाकडी गेली, कोण सांगणार? श्रावणभाऊ म्हणाले, "गळली नाही ना? मंग काहून उकरून राहिली?" मालक म्हणाले, डाव्या डोळ्याने बघा, दुसरी सही श्रावणची. खुर्ची राहिली. विषय संपला म्हणे.

२४ मे
संपला नाही. डोळा वाकडा कधीपासून?
आज भांडी घासताना आठवलं. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा मी दारातून एक डोळा मिटून नेम धरला आणि काठी वाकडी आहे म्हणून ह्यांना दोनदा सोडून बांधायला लावली. हे वैतागले होते. आत्ता विचारलं, खरंच वाकडी होती का हो? "बांबू तो. वाकडा असनबी. मले काय आठवते?"
पाडव्यापासूनचं रजिस्टर आणलंय. पानापानावर ओके, ओके, खाली माझी सही. किती सिंगल, किती डबल, अजून बघितलं नाही.
काठी माळ्यावर आहे. आत्ता काढते म्हटलं तर हे म्हणाले, अंधारात पडशील. उद्या उजेडात काढायची, डाव्या डोळ्याने बघायची. सतरा वर्षं सरळ तेच शोधत आले. देवा, एवढी काठी वाकडी निघू दे. सरळ निघाली तर डोळा तेव्हापासूनच थोडाथोडा वाकत होता, आणि पाडव्यापासून ज्यांना ज्यांना माल गेला, त्या सगळ्यांना फोन करायचे आहेत.