चिनी बाईंनी औषध दिलं नाही

रुवैस,
१२ मार्च १९९८

तीर्थरूप आयेस दगडूचा नमस्कार.

मी बरा आहे, खाण्यापिण्याचे हाल नाहीत. तुझा गुडघा कसा आहे?

गावाहून परतलेल्या सूर्यकांतने तुझा निरोप दिला, की रंजिताला मूल होत नाही, तिच्यासाठी तिकडचं चिनी औषध पाठव. म्हणून सुट्टीच्या दिवशी अबुधाबीला गेलो. चिनी वैद्यबाईंनी माझी नाडी बघितली, जीभ बघितली. मग मोडक्या हिंदीत विचारलं, "बीवी किधर?"

"गाव में."

"मिलता कब?"

"दो साल में एक महिना."

बाईंनी पुडीत बांधलेल्या मुळ्या परत बरणीत ओतल्या. म्हणाल्या, "पहले साथ में रहो."

आये, परक्या बाईला कळलं ते तुला कळू नये? उलट वाडीतल्या बायकांपुढे तू तिला वांझ म्हणालीस, हेही सूर्यकांतने सांगितलं. माझं डोकंच फिरलं. यापुढे तिला भगताकडे न्यायचं नाही, उपास करायला लावायचे नाहीत. मी मॅनेजरला सांगून टाकलंय, खलास. गणपतीला येईन तो कायमचा.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तीच वाचून दाखवणार. रंजिता, मोठ्याने वाच. एक ओळही गाळू नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
दगडू