उशाकडची दोरी

प्रिय दादा,

आज वसईहून काकीचा परत फोन. "भावाला परक्यांच्या हाती टाकलंस. माती द्यायला रक्ताचं एक माणूस नव्हतं!" तू गेल्यापासून सगळ्यांना उत्तरं देतेय. थकले. आता तुलाच सांगते. तू तरी मध्ये बोलणार नाहीस.

तू गेलास तेव्हा मी हॉटेलच्या लाँड्रीत होते, चादरींच्या ढिगात. मोयराचा, तुझ्या मालकिणीचा फोन आला. तिचं इंग्रजी अर्धंच कळलं. रडणं कळलं.

काय रे, इथे आखातात, माझ्याजवळ, मनामातली बारची नोकरी वाईट होती का? कशाला गेलास त्या स्कॉटलंडच्या बेटावर? "बाय, तीनशे वर्षांची जागा आहे. वर खोल्या, खाली बार. अख्खं गाव इथेच बसतं." फोटो पाठवायचास. ठेंगणं दार, काळ्या पडलेल्या तुळया. "इथे चुलीत माती जाळतात, बाय!" मला वाटलं, हा प्यायला लागला. तर खरंच, तिकडे दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात!

आपल्याकडे बार म्हटलं की तोंडं वाकडी. तू सांगायचास, "अगं, इथे म्हाताऱ्या विणकाम घेऊन येतात. फादरसुद्धा कोपऱ्यात बसतो." मी म्हणायचे, पुरे.

आणि आजारी होतास ते का नाही सांगितलंस? विचारलं की, "खलास, बरा झालो." खोटारडा!

मला यायचं होतं रे. व्हिसा वेळेत मिळेना. ऑफिसात कधीही विचारा, "इंशाल्ला, मॅडम." वीट आला त्या इंशाल्लाचा! वसईला तुला नेऊन उतरवू कोणाच्या दारात? आई-बाबा नाहीत, घराला कुलूप. मोयराला म्हटलं, तिथेच ठेव.

मग तिने विचारलं, हेड कॉर्ड कोण घेणार? मी ऐकलं कार्ड. इथे कुठेही जा, आधी कार्डच मागतात ना! वाटलं, घरातल्या मोठ्याचं हवं असेल. माझ्या रेसिडेन्ट कार्डाचा पुढून-मागून फोटो काढला, दिला पाठवून. सोनियाने कपाळाला हात लावला. "मम्मा! कॉर्ड! रोप! नॉट कार्ड!" भाचीचं हे ऐकून तू त्या बारमध्ये लोळला असतास.

पोरीने समजावलं. तिथे पेटी दोऱ्यांनी खाली सोडतात. प्रत्येक दोरी ठरलेल्या माणसाची. उशाकडची सगळ्यात जवळच्याची. कोण जवळचं, ते घरच्यांनी सांगायचं.

कोणाचं नाव घेऊ? तुला ना बायको ना पोर. मी इथे अडकलेली. सोनियाला मध्ये घालून मोयराला विचारलं, "हा पडून होता तेव्हा भरवत कोण होतं?"

ती हळूच म्हणाली, "मीच."

"मग तूच धर."

"रोझी, आमच्या गावात दोरी पुरुष धरतात."

"माझा भाऊ आहे. मी सांगते. धर!"

तिने धरली. मी फोनवर सगळं बघितलं. वारा इतका, की फादरचा शब्द ऐकू आला नाही. बाकी दोऱ्यांना दांडगे बाप्ये, आणि उशाकडे ती काटकी बाई. पण घाई केली नाही तिने. पाळण्यात लेकरू ठेवावं तसं तुला सोडलं.

मग सगळे उठून बारमध्ये गेले. असा राग आला! मातीवरून सरळ दारूवर? मग वाटलं, आपल्याकडे काय वेगळं होतं? आपले मागच्या दाराने जातात, एवढंच.

काकीच्या हिशोबात मोयरा परकी. मी तर रक्ताची, आणि मी लांबून फोन धरून उभी होते. कोण जवळचं होतं, तूच सांग ना!

दादा, शब्द देते. तुला तिथून कोणाला हलवू देणार नाही. आणि व्हिसा मिळाला की येईन. सोनिया म्हणते, दोरीने मोयराच्या तळव्यांवर वळ उठले होते. आधी ते हात हातात घेईन, मग तुझ्याकडे येईन.

तुझीच बाय,
रोझी