मामांच्या बीपीला माझा दंड

धायरी, रविवार

ती. मथुरामामींना जयसिंगचा नमस्कार.

कधीचं लिहायचं म्हणतोय, पण जमत नव्हतं. काल रिफील आणायला निघालो तो खडकवासल्याला भजी खाऊन परतलो. फोनवर तर हे बोलायची हिंमतच नाही. तुमची कंबर कशी आहे? शकूताईचं बाळ झोपतं का? (माझ्यावर गेलं नसेल तर झोपत असेल.)

तिच्या बाळंतपणाला जाताना तुम्ही मामांचं बीपी माझ्या स्वाधीन केलंत. कारखान्यानं दिलेलं मशीन रोज सकाळी त्यांच्या दंडाला लावायचं, आकडा मोबाइलवरून कारखान्याच्या मंदाकिनी सिस्टरकडे जातो, मग त्या फोन करून चौकशी करतात, एवढंच काम. पण मामांना धास्ती, आकडा चढला तर साहेब क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवतील. (क्रेन काय झोकात चालवतात! मी गेटवरून पाहिलंय, आत सोडत नाहीत.) पहिल्याच सकाळी म्हणाले, "जयसिंग, तुझा तरणा दंड लाव." मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? लावला.

तरणा दंडच चढा निघाला. रोज. (वडापाव, जागरणं, सगळं त्या मशीनला कसं कळलं देव जाणे.) सिस्टरांनी मामांचं मीठ कमी केलं. तुम्ही तिकडून शेजारच्या सोजरबाईंना सांगून अळणी डबा सुरू केलात. मामा तो निमूट खायचे आणि त्यांच्या वाटणीचं लोणचं मी संपवायचो, म्हणून आकडा आणखी वर. शेवटी डॉक्टरांनी गोळी वाढवली. चढला माझा दंड, गोळी गिळली मामांनी. काल क्रेनच्या शिडीवरून उतरताना त्यांना चक्कर आली. बरोबरच्या शकीलभाईंनी मागून धरलं म्हणून निभावलं. घरी येऊन मला म्हणाले, "मामीला कळवू नकोस." मी हो म्हणालो. तेव्हापासून त्यांच्याकडे वर बघवत नाही.

तुमचा जयसिंग

ता.क. पत्र खरं यासाठी, की सिस्टरांना तुम्हीच फोन करून सांगा. मामा लाजतात, मी नंबर लावतो आणि कट करतो. आजची गोळी मी लपवलीय. पोस्टानं उशीर होईल, म्हणून या कागदाचा फोटोच पाठवतो.

ता.क. थांबा, बेल वाजली. दारात एक बाई. आवाजावरून ओळखलं, मंदाकिनी सिस्टर. शकीलभाईंनी कळवलं म्हणे. मामांनी झटकन आपली बाही वर केली, मी माझी खाली ओढली. पण माझ्या दंडावरचा मशीनच्या सकाळच्या पट्ट्याचा वळ सिस्टरांनी आधीच पाहिला होता. शांतपणे म्हणाल्या, "यातला पेशंट कोण?" मी म्हणालो, "दोघं."

तेव्हा फोनचं राहू द्या, मामी. सोजरबाईंना फक्त अळणी डबे दोन करायला सांगा.