हे माझं पहिलं बाळंतपण नव्हतं

प्रिय बाळा,

इतकी वर्षं तुला लिहायचं राहिलंच. आज लिहितेय, कारण आज दवाखान्यात तुझा विषय निघाला. इथेच पनवेलला बसलेय. काचेपलीकडे तुझी बहीण झोपलीय. काल जन्मली आणि आज तिला ताप! थकलेय रे. रडायचंही त्राण नाही.

आपल्याकडे बारशाआधी गेलेलं मूल मोजत नाहीत. तुझी झबली-दुपटी कुणीतरी उचलून नेली. मला विचारलं तरी का? सुकापूरच्या घरात तुझा विषय काढला की तुझी आजी, माझ्या सासूबाई, म्हणायची, "इसर आता." विसरायला तू काय लोकांकडे राहिलेली छत्री होतास?

आज अँटिबायोटिक देण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिलंच बाळंतपण ना? घरात कुणाला औषधाची ॲलर्जी?"

मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाली, "पयलाच हाय. ॲलर्जी-बिलर्जी कोनाला नाय."

नर्सने सिरिंज भरलीसुद्धा होती. मी ओरडलेच, "थांबा! हिच्याआधी मुलगा झाला होता मला." आणि तुझ्या केसपेपरवर शेवटी लिहिलेल्या इंजेक्शनचं नाव सांगितलं. तुझं नाव ठेवायला मिळालं नाही, पण ते नाव मला झोपेतही पाठ आहे.

"हेही त्याच गटातलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

मला कुठे ठाऊक? मी टाके घालून पडलेली, तू आजीजवळ. मला फक्त इंजेक्शननंतर तू गेल्याचं सांगितलं.

मग आजीच बोलली. "माज्या मांडीवर व्हता. सुई दिली नं आंग लाल झाला. व्हट सुजलं. दम घेता येयना त्याला." आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

इतकी वर्षं एकटीच हे घेऊन जगत होती! मला तिचा राग करायचा होता रे. तोही आज जमला नाही.

इतक्या लहान बाळाला असं क्वचितच होतं, भावाला झालं म्हणून बहिणीला होईलच असंही नाही, पण धोका कशाला, असं म्हणून त्यांनी औषध बदललं. आता ताप उतरतोय.

तुला शब्द देते. ही बोलायला लागली की तिला शिकवीन, कुठल्याही दवाखान्यात गेलीस तर आधी सांगायचं, "मला एक मोठा भाऊ होता."

तुझीच,
आई