दोन तुडतुडे आणि डिंकाची बाटली

तीर्थस्वरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. नुसता लिहिण्यापुरता नाही. मी खरोखरच संग्रहालयाच्या फरशीवर आडवा पडून भिंगातून एका तुडतुड्याचा पाय शोधतो आहे. तुझा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक (माझी मान सोडून).

ही नोकरी तूच लावलीस म्हणून तुलाच सांगतो, या किड्याने माझा जीव नकोसा केला आहे. जिवंतपणी उड्या मारतो हे मान्य, पण मरून चाळीस वर्षं झाली तरी चिमटा लावला की उडतो म्हणजे काय! तिळाएवढा जीव. त्याला पुठ्ठ्याच्या टोकावर चिकटवायचा, खाली मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी टोचायची, आणि वर तुझी आज्ञा, शिंकायचं तेसुद्धा बाहेर जाऊन. सात महिन्यांपूर्वीच्या त्या सोमवारी मी शिंकलो नाही, हे आधी लक्षात घे. उकडत होतं म्हणून फक्त पंखा लावला. (उष्ण प्रदेशातल्या किड्यांना वाऱ्याचं एवढं वावडं असेल असं कुणाला वाटेल?) खणातले दोन खाली आले, एक लांब नाकाचा, एक बसक्या नाकाचा. डोकी एकीकडे, धडं दुसरीकडे. मी घाम पुसत डिंकाने चिकटवली. कुणाचं कुणाला, हे बघायला भिंग हवं होतं. भिंग कपाटात होतं आणि किल्ली तुझ्याकडे.

तर आत्या, सहा महिन्यांपूर्वी तुला जी नवी प्रजाती सापडली (एखादी जात नव्हे, अख्खं नवं घराणं!), जिचं डोकं एका कुळाचं नि धड दुसऱ्याच, जिच्यापायी तू खुर्चीवरून उठून नाचलीस आणि गुडघा दुखावून घेतलास, ती मी केलेली आहे. तेव्हाच सांगणार होतो. पण तुला इतकं खूश मी जन्मात पाहिलं नव्हतं, तोंडच उघडेना. आता येत्या गुरुवारी तू निवृत्तीआधीचा शेवटचा निबंध भर सभेत वाचणार, तोही यावरच. पहिल्या रांगेत तुझे ते एक जुने सहकारी बसणार, जे एकोणीस वर्षं तुझ्याशी बोलत नाहीत, पण तुझी चूक दिसली की लगेच छापून आणतात. तुझी फजिती झाली तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा निबंध मागे घे. हवं तर मला कामावरून काढ, सुटेन एकदाचा.

तुझा (यापुढे तरी) आज्ञाधारक भाचा

ता. क. उरलेलं डोकं नि उरलेलं धडही मी एकमेकांना चिकटवलं होतं. टाकवेना. तुझ्या त्या सहकाऱ्यांनी मध्यंतरी अभ्यासाला किडे उसने मागवले, त्यांच्या डबीत तोही गेला.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करतो तोच त्यांचं पत्र आलं. त्यांनाही नवी प्रजाती सापडली आहे. गुरुवारी तुझ्यानंतर तेही निबंध वाचणार आहेत. प्रजातीला त्यांनी तुझं नाव दिलं आहे. लिहितात, "तिला आत्ताच सांगू नका. भांडण माझ्यामुळेच लांबलं, ते एकदाचं मिटवायचं आहे." आत्या, असं करूया का? हे पत्र तुला मिळालंच नाही.