राम म्हटलं की उचलायचं

प्रिय स्नेहल,

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, तुला फोन लावला की आधी तुझ्या सासूबाई बोलतात, मग तू 'बरी आहे' म्हणतेस, मग पुन्हा सासूबाई बोलतात. मला त्या आवडतात, आमच्या चंद्री शेळीचीसुद्धा त्या मनापासून चौकशी करतात, पण मला बोलायचंय तुझ्याशी. म्हणून हे पत्र तांदळाच्या पिशवीत ठेवलंय. आमचे आप्पा घेऊन येतील. हा तांदूळ कसा शिजवायचा ते मी लिहून दिलंय, असं त्यांना वाटतंय.

तू मार्गासनीतून गेलीस आणि गोठ्यातली आपली जिम बंद पडली, असं तुला कोणी सांगितलं असेल तर साफ खोटं आहे. फळी तीच, बोअरचा पाइप तोच आणि तो टेकवायला बेचक्याच्या दोन मेढीही त्याच. आप्पा अजून त्या मेढी शोधतायत. फळी अरुंद, त्यामुळे माझे खांदे दोन्हीकडून लोंबायचे. आता गोणपाटाच्या घड्या घालून ती रुंद केलीय. पाय जमिनीला धड टेकत नव्हते, तर टाचांखाली विटा आल्या. खांदे मागे ओढून रुतवायचे, कोपरं फार फाकवायची नाहीत, हे भोरला कॉलेजात बेंच प्रेस शिकवताना सर सांगायचे तेव्हा आपण नुसत्या माना डोलवायचो. खरं कळलं ते गोणपाटावरच.

वजनांचं दुखणं मात्र जुनंच. एकीकडे आमच्या जात्याचा वरचा दगड, दुसरीकडे तुमच्या. आमचा दगड आमच्या आईसारखा, अंगानं भारी आणि जागचा हलायला नाखूश. म्हणून तुमच्या बाजूला खडे मिठाची पिशवी बांधायची, हे तुझंच डोकं. तुझ्या लग्नात तुझ्या आईनं, मंगलकाकूंनी, तो तुमचा दगड परत नेला, घासून धुतला, जात्याला हळकुंड बांधलं आणि त्यावर तुझी हळद दळली. बायका गात होत्या, आणि खुंट्याला हात लावून मी विचार करत होते की आता हा दगड परत मिळतो का नाही. मिळाला. त्याच्या भोकाच्या कडेला अजून पिवळं आहे. पाइप ओवताना रोज दिसतं. तुझी आठवण येते आणि थोडा रागही येतो.

आता मुख्य फजिती ऐक. गेल्या महिन्यात एका सकाळी मी एकटीच पाइपाखाली होते. पाइप छातीवर आला आणि वर जाईना. आपला शब्द ठरलेला होता. छातीवर ओझं असताना लांबलचक बोलता येत नाही, म्हणून 'राम' म्हटलं की डोक्याशी उभी असलेली पाइप उचलणार. तू डोक्याशी नाहीस हे मी विसरलेच. सवयीनं म्हणाले, राम. बाहेरून गेनूआबा शेरडं घेऊन चालले होते. ते थांबले, 'राम राम पोरी' म्हणाले आणि पुढे गेले. मी जिवाच्या आकांतानं पुन्हा म्हणाले, राम. ते लांबून म्हणाले, 'व्हय व्हय, राम राम. लई गुणाची हाय बघा.'

मग आल्या सगुणाआजी. गोठ्याच्या कुडापलीकडे बसूनच घेतलं त्यांनी. 'हितं बरं वाटतंय गं, म्हण अजून. आजकालच्या पोरी द्येवाचं नाव घेत न्हाईत.' मी म्हणत होते आणि त्या टाळ्या वाजवत होत्या. माझ्यावर खरोखरच राम म्हणायची वेळ आली तेव्हा चंद्री मीठ चाटायला आली. तिनं पिशवीला असा काही हिसका दिला की पिशवी तुटली, पाइप आमच्या बाजूला कलला आणि आमचा दगड घसरून धाडकन पडला. मग तुमचा पडला आणि पाइप उडून माझी सुटका झाली. दगड घसरू नयेत म्हणून टोकाला सुतळी बांधतो, ती बांधायला मी त्या दिवशी विसरले होते म्हणून वाचले. आजींना वाटलं, प्रसादाचा नारळ फुटला. आमच्या दगडाची कड उडाली. आईनं आधी दगड पाहिला, मग मला.

तेव्हापासून सुतळी बांधतच नाही. फळीच्या दोन्ही बाजूंना पेंडीच्या गोण्या रचल्यात, अशा बेतानं की छाती फुगवली की पाइप छातीला लागतो आणि श्वास सोडला की गोण्यांवर टेकतो. शेळ्या पेंड खातात, म्हणून उंची रोज नव्यानं बघावी लागते, एवढंच. म्हणजे आता मला काही होणार नाही. तरीही पाइप अर्ध्यात गेला की माझे हात थांबतात. वजन जड झालेलं नाही, स्नेहल. मला भीती वाटते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

येत्या रविवारी भोरला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. तिथे खरा बार असेल, खरी वजनं असतील आणि दोन बाजूंना दोन अनोळखी माणसं उभी असतील. डोक्याशी आपलं माणूस चालेल, असं सर म्हणालेत. सकाळच्या पहिल्या एसटीत मी डावीकडच्या खिडकीत असेन. तुमच्या कामथडीच्या फाट्यावर उभी राहा. सासूबाईंना खरं काय ते सांग, आणि त्यांना यायचं असेल तर त्यांनाही आण. चंद्रीची सगळी हकीकत मी वाटेत सांगेन. त्या बाकावर निजून मी कदाचित 'राम' म्हणेन. सगळं गाव मला 'राम राम' म्हणून पुढे गेलं. तू काही म्हणू नकोस. तू फक्त उचल.

तुझीच, अजून पाइपाखाली असलेली,
प्रगती